भैयाजींचं दर पाचवं घर

आमच्या शेजारचे भैयाजी हिवतापाच्या खात्यात लागले, तेव्हापासून आमच्या अख्ख्या गावाचा त्यांच्यावर डोळा होता. आरमोरीच्या पट्ट्यातलं धानाचं गाव आमचं. त्यात हा माणूस इस्तरीच्या कपड्यात हिंडतो, धानाच्या बांधीत उतरत नाही आणि लोकांच्या लेकरांची पोटं दाबतो. संशय यायला आणखी काय लागतं?

चोपन्न सालची गोष्ट. डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली लागली की लेकराला हिवतापानं धरलंय, एवढं त्यांच्या बोटांना कळायचं. मोजणी मांडायची कशी, ते मात्र ठेचा खात शिकले. पहिल्यांदा त्यांनी शाळेतली पोरं मोजली. जिल्ह्याच्या गावच्या, चांद्याच्या डॉक्टरांनी कागदच परत केला. म्हणाले, "तापानं फणफणलेलं पोर शाळेत येतं का?" मग ठरलं : पहिलं घर चिठ्ठी टाकून, तिथून दर पाचवं, त्यातली दोन ते दहा वर्षांची सगळी लेकरं. दहा लेकरांत एकापेक्षा कमी सुजलेल्या पाणथऱ्या निघाल्या, तर यंदा गावात डासांवर डीडीटीची फवारणी नाही. मागच्या साली तापानं चार लेकरं गेली होती.

"पाचवंच घर काऊन? ज्याची पाणथरी लागन, त्याले चांद्याले नेऊन पोट फाडतेत," असं बाजारात कोणीतरी म्हणालं. कोणीतरी म्हणजे मीच, पण गमतीत.

झालं! आजारी लेकरं धानाच्या ढोलीमागे लपली. आता दाखवायला कोणी तरी हवं. पाहुणे आले की शेजारून पितळी ताट मागावं, तशी लोकांनी धडधाकट लेकरं मागून आणली. माझी चंदा गुबगुबीत. ती तीन घरी गेली. भैयाजी डोळे मिटून पोट चाचपायचे, लेकराच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत.

तिसऱ्या घरी, मुखरूकडे, पोटाला बोट लागताच ती पुन्हा तशीच खिदळली. भैयाजींनी डोळे उघडले.

"नाव काय वं बाई तुहं?"

"सकाळी चंदा होती. आता कमळा आहो."

भैयाजी तडक माझ्या ओट्यावर. "भाऊ, एकतीस लेकरांत दोनच निघाले. आन त्या एकतिसात तिघी तं तुमचीच पोरगी! परवा डॉक्टर येऊन राह्यले."

"मंग लिहा ना दहा. कोण पाहून राह्यलं?"

"अंदाजानंच ल्याहाचं होतं तं घरोघरी कायले हिंडलो?"

संध्याकाळी त्यांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. मुखरू उखडलाच. "आमच्याच लेकराईवर नजर काऊन? तुमची पोरगी इंदू कुठी हाये?"

भैयाजींनी इंदूला उचलून आणलं, बाजेवर निजवलं आणि मुखरूचाच हात तिच्या बरगडीखाली ठेवला. मुखरू दचकला. "हिची तं सुजली हाये! लिहा मंग."

"नाई लिहत. माह्या घराचा नंबर नाई आला."

"लिहिली तं फवारणी येईन ना?"

"आज माही घुसडली, तं उद्या कोणाचीबी घुसडीन."

"आन चांद्याले नेऊन पोट फाडतेत, ते?"

"हिले नेलं काय? कोयनेलच्या गोळ्या देऊन घरीच ठेवली हाये."

मुखरू उठून गेला आणि आपल्या तापलेल्या कमळाला खांद्यावर घालून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्याच घरांची मोजणी नव्यानं झाली. चंदाला तिन्ही जागी खोडलं. ती दिवसभर रुसली. चौतीस लेकरांत बारा पाणथऱ्या निघाल्या. डॉक्टरांनी कागद ठेवून घेतला आणि पावसाआधी फवारणी झाली, मोजलेल्या आणि न मोजलेल्या सगळ्या घरांत. माझ्या भिंतींवर मात्र थर जरा पातळच दिसला. भैयाजी म्हणतात, सारखाच आहे. मला काही पटत नाही.