तापलेली माती

पौषातल्या सकाळी अनवाणी पावलांना खालून ऊब लागावी, ही अनुभूती किती विलक्षण! हवेत गारठा, गवतावर धुक्याचे विरळ वस्त्र, आणि पायांखालची माती मात्र ज्वर चढलेल्या कपाळासारखी कढत. सिल्वासात, डोकमर्डी भागातल्या एका परसात मी अशी उभी होते. नव्वदीचे दशक अर्धे सरले होते.

मी मूळची रत्नागिरीकडची. इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला आले आणि ताराबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. त्या धुळ्याकडच्या. त्यांच्या यजमानांनी कारखान्यातली पाळी सांभाळून दोन उन्हाळे परसातली विहीर स्वतः खणली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. "यांच्या हातचं पाणी आहे, बाई," म्हणत ताराबाई रोज माझी कळशी भरून द्यायच्या. त्या परमुलखात माझी विचारपूस करणारे दुसरे कोण होते?

एके दिवशी पाण्याला थिनरसारखा उग्र, गोडसर वास आला. मी नमुना तपासायला पाठवला. शेजारच्या कारखान्याची जमिनीतली टाकी झिरपत होती. यंत्रे धुण्याचे द्रावक मातीतून विहिरीत उतरले होते. विहिरीवर पत्रा ठोकला गेला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" एवढेच बोलून ताराबाईंनी माझ्याशी अबोला धरला. सत्य सांगणाऱ्याच्या वाट्याला इतके मौन का यावे! वर्षभर मी भिंतीपलीकडच्या भांड्यांचे आवाज ऐकत एकटीच जेवले.

मग कारखान्याने बोलावलेले एक अभियंते आले. परसात त्यांनी खोल नळ पुरले, काहींतून तापती वाफ आत सोडली. मातीत मुरलेले द्रावक उष्णतेने वाफ होऊन सुटायचे, दुसऱ्या नळांनी ते वर ओढून कोळशाच्या पिंपात अडकवायचे, अशी ती योजना. रोजचे तापमान टिपण्याचे काम मी मागून घेतले.

त्या पौषातल्या सकाळी ताराबाईही चपला काढून मातीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अभियंत्यांना विचारले, "भाऊ, जमिनीला ताप आणून दुखणं जातं का?"

"जातं, पण हळूहळू. घाई करून नाही चालणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तरीही एकाच उबेवर आम्ही दोघी कितीतरी वेळ उभ्या होतो. एकाकीपणाचेही असेच असेल काय? तो खोल मुरतो, आणि बाहेर पडायला ऋतूच्या ऋतू घेतो.

अहवाल यायला पुढचा भाद्रपद उजाडला. तो वाचून दाखवायचे माझ्याच नशिबी आले. मी त्यांच्या दारात उभी राहिले. "मावशी, झाडांना, धुण्याला पाणी चालेल. प्यायला मात्र अजून नाही."

"खरं सांगताय नं?"

"खरं."

उंबऱ्याशी बसलेल्या ताराबाई डोळे पुसून उठल्या, विहिरीपाशी गेल्या, मी आणि त्यांनी मिळून पत्रा बाजूला सारला. बादली खाली गेली. "बाई, दोर ओढा जरा, माझा खांदा दुखतो," त्या म्हणाल्या.

सिल्वासात आल्यापासून हक्काने घरचे काम मला कुणी सांगितले नव्हते. मी पदर खोचला.