सतरा नंबरचा डबा

साल दोन हजार तेवीस. माझं वय आधार कार्डावर एकाहत्तर आणि आईच्या हिशेबानं पंच्याहत्तर. आई सांगायची, निजाम गेला त्या पोलिस ॲक्शनच्या साली तू झालास. आधार कार्डवाल्यानं ते ऐकलं, मान डोलावली आणि एक जानेवारी लावून दिली. आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं एक जानेवारीलाच जन्मलेली आहेत. त्या दिवशी सरकारला लई बाळंतपणं करावी लागली असणार.

त्या साली बायको न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, "बाबा, आत लोखंड आम्ही बसवलंय. ताकद तुम्ही बसवायची. वेळेवर पोटभर खाऊ घातलं तर ही चालेल. नाहीतर हीच खाट."

आता खाऊ घालायचं कुणी? मी. लातूरच्या आडत बाजारात मी चाळीस वर्षं हमाली केली. तुरीचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढलो, खाली ठेवताना कधी आवाज होऊ दिला नाही. पण भाकरीपुढं मी हरलो. परातीत ती चांगली गोल असायची, आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे देवणी, उदगीर, निलंगा असे वेगवेगळे तालुके व्हायचे. बायको खाटेवरून बघायची आणि हसू दाबताना तिचा खुबा दुखायचा, म्हणून वरून मलाच शिव्या.

लेक हिमायतनगरला दिलेली. ती येऊन महिनाभर राहिली. तिलाही तिचं घर आहे. जाताना मला न सांगता ख्रिस्ती लोकांच्या सेवा केंद्रात एक फॉर्म भरून गेली. सांगितलं असतं तर मी भरू दिला नसता, हे तिला ठाऊक. माझीच पोरगी.

हे केंद्र आमच्या गल्लीपासून दोन वळणांवर, चर्चच्या मागं. कचरा वेचणाऱ्या बायांची लेकरं तिथं दिवसभर सांभाळतात, पोरींना शिलाई शिकवतात, आणि ज्या म्हाताऱ्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना दुपारी डबा पाठवतात. काम चांगलं आहे. हे मी आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, म्हातारा खाल्ल्या घरचे वासे मोजतो. मी वासे मोजत नाही. मला फक्त 'लाभार्थी' म्हटलेलं सोसत नाही.

लाभार्थी हा शब्द तिथल्या मॅनेजरचा. तरणा माणूस, नांदेडहून आलेला, गळ्यात ओळखपत्र. गरिबी या विषयात तो कॉलेजात दोन वर्षं शिकला म्हणे. गरिबी शिकायला फी भरावी लागते हे मला म्हाईत नव्हतं. आम्हाला ती घरपोच मिळाली.

पहिल्या दिवशी तो स्वतः डबा घेऊन आला. चार पुडांचा स्टीलचा डबा, वर लाल रंगानं १७ लिहिलेलं. म्हणाला, "आजोबा, एक फोटो. डबा जरा वर धरा."

मी धरला.

"थोडं हसा."

मी हसलो.

"इतकं नको, आजोबा."

डब्यात भात, वरण, भोपळ्याची भाजी आणि हातरुमालासारख्या चार पोळ्या. वरणात डाळ एका बाजूला आणि पाणी एका बाजूला, दोघांचं बोलणं बंद असल्यासारखं. ज्या गावची तूरडाळ देशभर जाते त्या गावात बसून असलं वरण! पण बायकोनं सगळं खाल्लं. लेक गेल्यापासून पहिल्यांदा तिनं बोटं चाटलेली मी बघितली, आणि माझं तोंड बंद झालं.

गल्लीत मात्र तोंडं उघडली. समोरचा शेजारी सांजच्याला ओट्यावर येऊन बसला.

"मामा, सांभाळून बरं. आपण लिंगायत माणसं. डब्यावरनं सुरू होतंय आणि हळूहळू माणूस बदलतंय."

मी म्हणालो, "पन्नास वर्षं झाली, बायको मला बदलून राहिली. तिला जमलं न्हाई. ह्यांना चार पोळ्यांत जमलं तर ती त्यांच्या पाया पडंल."

तो उठून गेला. ते जेवण खाऊ नका म्हणून सांगायला तो तीनदा आला. वाटीभर कालवण घेऊन एकदाही आला नाही.

तर डबा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. डबे पोचवणारी बाई स्कूटीवर येते, भरलेला डबा देते आणि कालचा नेते. मी कालचा घासून पुसून दारात ठेवला होता. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "अवो, रिकामा पाठवता का?"

"मग?"

"लोकाचं भांडं रिकामं परत जात न्हाई. मी पडलीय म्हणून घराची रीत पडली का?"

बरोबर बोलली. आमच्यात शेजारणीनं वाटीभर ताक दिलं तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी जातं, निदान गुळाचा खडा. रिकामं भांडं परत करतो तो भिकारी. मी डब्यात गुळाचा खडा टाकला. त्या दिवशी पोळी मला गोड लागली.

मग ते रोजचंच झालं. कधी कुंडीतल्या चार मिरच्या, कधी लिंबू, कधी मूठभर भाजके शेंगदाणे. पुढं बायकोला हुरूप आला. ती खाटेवरून हुकूम सोडायची आणि मी खलबत्त्यात कारळाची चटणी कुटायचो. "मीठ आत्ता. लसूण आत्ता न्हाई. हळू, चटणी हाय, पोतं न्हाई ते." चटणी झाली की वॉकर धरून उभी राहायची आणि चव बघायची. आधी पाच अंक मोजेपर्यंत उभी राहायची, मग आठ, मग अकरा.

डबेवाल्या बाईनं डबा हलवून बघितला. "आजोबा, धुतला न्हाई का? आत काय तरी वाजतंय."

"धुतलाय. आणि भरलाय."

ती हसली. पण बाईच्या पोटात ते राहतंय का? घरोघर सांगत सुटली, सतराचे आजोबा असे, सतराचे आजोबा तसे. झालं! बाकीच्या म्हाताऱ्यांना काय इज्जत नाही? नऊ नंबरची म्हातारी लिंबं पाठवायला लागली, माझ्या लिंबांपेक्षा मोठी. एका म्हाताऱ्या शिंप्यानं बटणं पाठवली. टांगेवाल्याच्या विधवेनं ईदेला शिरखुर्मा पाठवला, तोही वरणाच्या पुडात. एकजण कधीकाळी पोलिसात होता; त्यानं काय पाठवावं? एक विडा, आणि चिठ्ठी, की स्वयंपाकिणीनं जेवणानंतर खावा. जन्मभर घेतलेलं बिचारा म्हातारपणी फेडत होता.

मग मॅनेजरला जाग आली. एक दिवस डब्यावर छापील कागद चिकटून आला. मी तिसरीपर्यंत शिकलो. छापलेलं वाचतो, पण बोट ठेवून. बोट ठेवत वाचलं: 'सर्व लाभार्थ्यांना कळविण्यात येते की डबा स्वच्छ धुऊन रिकामा परत करावा. अन्यथा सेवा बंद करण्यात येईल.'

त्या दिवशी मी दोन मिरच्या जास्त टाकल्या.

मॅनेजर घरी आला. बायकोच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसला.

"आजोबा, नियम तुमच्या भल्यासाठी आहे."

"माझ्या भल्याला नियम लागत न्हाई, मीठ लागतंय. तुमच्या वरणाला बी."

"बाहेरचा जिन्नस आमच्या स्वयंपाकघरात चालत नाही. कुणाला काही झालं तर?"

"पंच्याहत्तर वर्षं हेच खाऊन राहिलो. मला काय झालं?"

"शिवाय लाभार्थ्याकडून आम्हाला काही घेता येत नाही. वर काय उत्तर देऊ?"

"वर म्हंजे? देवाला?"

"ऑफिसला, आजोबा."

"देव बरा मग. तो नारळ घेतोय."

त्याला हसू आलं होतं, पण ते त्यानं गिळलं. उठताना म्हणाला, "बघा. उद्या डबा रिकामा आला नाही तर परवापासून बंद. माझा नाइलाज आहे."

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा गेला नाही. तिसऱ्या दिवशी डबा आला नाही. स्कूटी आमच्या दारावरून गेली. ती बाई आमच्याकडं न बघता पुढं बघत होती, आणि तिचंही खरंच होतं.

मी खिचडी केली. पहिल्या दिवशी कच्ची, दुसऱ्या दिवशी खाली करपलेली आणि वर कच्ची, म्हणजे सुधारणा होती. बायको दोन घास खायची आणि म्हणायची, भूक न्हाई. माझा ताठा मात्र पोटभर जेवत होता. ओट्यावर बसून मी शेजाऱ्याला सांगत होतो, हात पसरणाऱ्यातला मी न्हाई. तो मान हलवत होता. त्याच्या घरातून फोडणीचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी मी तिला उभं केलं. एक, दोन, तीन... आणि तिचे गुडघे थरथरले. मी धरलं म्हणून, नाहीतर पुन्हा दवाखाना. खाटेवर टेकल्यावर तिनं वॉकर बाजूला सारला. मग म्हणाली,

"तुमच्या ताठ्याचं कालवण होत न्हाई."

"भांडं रिकामं पाठवू नका, असं तूच म्हणालीस."

"म्या म्हणाले होते. आता म्याच म्हणते, पाठवा रिकामं. मला चालायचंय." आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

पन्नास वर्षांत तिनं घरची एक रीत मोडली नव्हती. ती मोडायची वेळ तिच्यावर मी आणली होती. मॅनेजरनं नाही. हे मला खाटेजवळ उभं राहून कळलं, आणि मी पटका बांधला.

केंद्रात मी तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. फाटकातून आत कडुलिंब, त्याच्याखाली सिमेंटचा बाक, आणि बाकावर एक म्हातारी सिस्टर मेथी निवडत बसलेली. केंद्र तिच्याच हाताखाली चालतं. माझ्याएवढीच असेल, चष्म्याची काच जाड. मंगळूरकडची, हे मी ऐकून होतो. माझं गाव देवणीकडचं, तिथं निम्मं बोलणं कानडीत चालतं. माझं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "बा अज्जा. ऊटा आयता?" म्हणजे, या आजोबा, जेवण झालं का?

तीन दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"आयतु," मी म्हणालो. म्हणजे, झालं. खोटं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि मेथी बाजूला सारून बसायला जागा केली.

तोवर मॅनेजर ऑफिसातून कागद घेऊन आला. मी सांगितलं, "माझं काय बी म्हणणं न्हाई. बायकोला चालायचंय. डबा सुरू करा. रिकामा पाठवीन."

एवढं बोलणं लई जड गेलं. शंभर पोती एका दमात उतरवली होती, ती हलकी होती.

सिस्टर मराठीत, मॅनेजरला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "अज्जा, आमचा डबा रिकामा यायला पाहिजे. पक्का नियम."

"हाव."

मग मेथीची जुडी सोडवत कानडीत, हळूच म्हणाली, आमच्या गावातही भांडं रिकामं परत देत नाहीत, अज्जा. पण ह्या पोराच्या कागदावर त्यासाठी रकानाच नाही, तो तरी काय करील? आणि एक सांगते, त्याचा नियम आमच्या डब्याला आहे. तुमच्या घरच्या भांड्याला नाही.

मी तिच्याकडं बघितलं. ती मेथीकडं बघत होती. मॅनेजरला कानडीचं अक्षर कळत नाही. त्यानं कागद पुढं केला: 'यापुढे केंद्राचा डबा रिकामा परत करीन.' मी बोट ठेवून वाचला. 'केंद्राचा' या शब्दावर बोट जरा जास्त थांबलं. मग सही केली. अंगठा नाही, सही.

"पटलं ना शेवटी, आजोबा?" तो खुशीत म्हणाला.

"लई पटलं," मी म्हणालो.

दुपारी डबा आला. वरणात डाळ आणि पाणी अजून अबोल्यातच होते. बायकोनं डबा निपटून खाल्ला, आणि भिंतीकडचं तोंड माझ्याकडं केलं. सिस्टर काय म्हणाली ते मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की खुबा धरून बसली. मग फळीकडं बोट करून म्हणाली, "ती पितळी डबी काढा. माझ्या बापाचं नाव कोरलेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी सतरा नंबरचा डबा घासला, चारही पुडं पुसली, उन्हात वाळवली आणि रिकामा डबा दारात ठेवला. मग पितळी डबीत कारळाची चटणी दाबून भरली, अंगात धुतलेला सदरा घातला आणि चालत केंद्रात गेलो. मॅनेजर नुकताच येऊन बसला होता. डबी त्याच्या टेबलावर ठेवली.

"आजोबा, हे काय? काल सही केलीत ना?"

"तुमचा डबा रिकामा हाय, माझ्या दारात जाऊन बघा. हे माझं भांडं हाय."

त्यानं कागद काढून वाचला. दोनदा वाचला. बोट न ठेवता वाचतो, तरी त्याला माझ्याहून जास्त वेळ लागला. मग डबी उचलून आत गेला, आणि पाच मिनिटांनी चटणी आत काढून ठेवून, डबी धुऊन, पुसून घेऊन आला.

मी डबी कानाशी नेऊन हलवली. आवाज नाही. परत त्याच्या हातात दिली.

"लोकाचं भांडं रिकामं परत करत न्हाईत, साहेब. कॉलेजात राहून गेलं असंल."

तो डबी हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायला लागला. तिथून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी बाहेर येऊन कडुलिंबाखालच्या बाकावर मांडी घातली आणि माझं भांडं परत यायची वाट बघत बसलो.