काकांच्या खिशात

माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेला मी काकांच्या शर्टाच्या खिशातून गेले.

नर्स होऊन जर्मनीला आल्याला जेमतेम चार महिने झाले होते. मिळणारं पहिलं विमान दुसऱ्या दिवशीचं, आणि आमच्या गुडीहत्नूर गावातलं मे महिन्याचं ऊन गेलेल्या माणसाला तेवढं थांबू देत नाही. बाबांचा चेहरा शेवटचा पाहायचा तर फोनवरच. वॉर्डात मी दूरच्या नातेवाइकांसाठी पेशंटसमोर टॅबलेट धरत असे, त्यामुळे स्वतःला या विषयातली तज्ज्ञ समजत होते. बाबांच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, तीन सूचना लिहून पाठवल्या: फोन पूर्ण चार्ज करा, आडवा धरा, हलवू नका.

"काऊन काळजी करून राह्यली माय? मी हाय ना," काका म्हणाले.

पहिली दहा मिनिटं मला मांडवाचं कापड आणि काकांचा कान दिसला. (फोन कानालाच लावायचा असतो, ही त्यांची पक्की समजूत.) मग मी हातोहात फिरू लागले.

"दिसते का बाई?" आत्याने विचारलं.

"आत्या, तुम्हीच दिसता."

"मले काय पाह्यतं? रडून डोये सुजले माहे."

शेजारच्या लक्ष्मीबाईंनी फोन घेतला. "लागलाच हाय तर माह्या पायाची जखम पाह्य माय. दोन महिने झाले, भरून नाही राह्यली."

"साखर तपासली का?" मी विचारलं. बाबा तीन हातांच्या अंतरावर निजलेले, आणि मी साखर विचारत होते! लक्ष्मीबाईंच्या मागे गुडघेवाल्यांची रांग लागली.

तेवढ्यात तिरडी उचलली आणि काकांनी मला खिशात टाकलं. अंधार झाला.

रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मी फोनवर माझा आवाज बंद केला होता, निदान तशी माझी खात्री होती. मास्तरांची मुलगी, उभ्या जन्मात कुणाच्या 'अरे'ला 'कारे' केलं नव्हतं. ते सगळं त्या अर्ध्या तासात काकांना वाट्टेल ते बोलून भरून काढलं. रस्त्यावरच्या गलक्यात ते लोकांना ऐकू गेलं नाही.

स्मशानात मात्र शांतता झाली. बौद्धाचार्य एक ओळ म्हणतात आणि लोक मागून म्हणतात, ही आमची रीत. सगळ्यांनी पहिल्या ओळीसाठी हात जोडले, आणि काकांच्या छातीतून माझा आवाज आला: "काका, तुम्ही माणूस आहात की बैल?"

मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी ते हात जोडून म्हटलंही.

काकांनी मला बाहेर काढलं. "झालं बोलून? घरापासून ऐकून राह्यलो. खांद्यावर भाऊ व्हता माय, हात गुतले व्हते. कोणापाशी देऊ तुले? पाय दाखवणाऱ्यायपाशी?"

मग त्यांनी फोन आडवा केला आणि बाबांकडे वळवला. पांढरं कापड दिसलं, झेंडूचं एक फूल, बाबांची हनुवटी. आणि फोन बंद पडला. माझा. तो चार्जरला लावायचं मला सुचलंच नव्हतं.

तो पुन्हा सुरू होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आत्या सांगते, काका शेवटपर्यंत हात लांब करून उभे होते, फोन आडवा, जरासुद्धा न हलवता. चष्मा घरी राहिला होता. पडदा काळा झालाय हे त्यांना कळलंच नाही.

"मग कुणी सांगितलं नाही का त्यांना?" मी संतापून विचारलं.

"कोण सांगीन? तो हलला अस्ता, तं तू पुन्हा बैल म्हटली अस्ती."

या वेळी माझा आवाज खरोखरच बंद होता.