मोरोक्कोतले पेडणेकर काका

पेडणेकर काकांचे हात मी कधी रिकामे पाहिले नाहीत. लिफ्टची वाट बघत असले तर लिफ्टच्या दारावर, बँकेत रांगेत असले तर काउंटरच्या लाकडावर, हाताखाली जे येईल त्यावर त्यांची बोटं चालूच. बदलापुरात, कुळगावच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो त्या दिवशी माणूस माझा गॅसचा सिलिंडर वर चढवत होता. समोरच्या दारातून हे बनियनवर बाहेर आले, सिलिंडरवर दोन बोटं मारली आणि मला म्हणाले, "भरलेला आहे. रिकामा असता तर घुमला असता. या, चहा घेता ना?" ओळख झाली ती अशी.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते स्टोअरला होते. कंपनीच्या गणपतीत तबला त्यांचा, भजनी मंडळात तबला त्यांचा, साहेबांच्या निरोप समारंभात तबला त्यांचा. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे लोक हवालदिल झाले, आणि काका म्हणे गेटवर उभं राहून सगळ्यांना सांगत होते, "हात शाबूत आहेत ना? मग झालं तर." त्यांनी तबल्याचे क्लास काढले. त्यात ते बोलायचे जास्त आणि शिकवायचे कमी, अशी मुलांची तक्रार. बोलण्यात माणूस अनावर. दूधवाला, वॉचमन, कुरियरवाला, कोणी त्यांच्या तावडीतून लवकर सुटत नसे. काकू गेल्यावर घरात ते आणि मृणाल, त्यांची मुलगी, दोघंच उरली. मृणाल फिजिओथेरपिस्ट. तिला वडिलांचा अभिमान असा की कोणी विचारलं नाही तरी सांगायची, "माझे बाबा उल्हासनगरला रोज संध्याकाळी क्लास घेतात. लांबून मुलं येतात."

माझं उल्हासनगरला पडद्यांचं आणि गाद्या-उशांचं दुकान आहे. तिथल्या गोपसेठने दुबईला मोरोक्कन हॉटेल पाहिलं आणि परत आल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. आपल्या बंद पडलेल्या लग्नाच्या हॉलचा त्याने मोरोक्को केला. छताला तंबूसारखे पडदे, भिंतीला लागून बुटक्या गाद्या, पुढे मोठी गोल पितळी टेबलं. पडदे-गाद्या सगळं माझं काम. मी तेव्हाच म्हटलं होतं, "सेठ, टेबल जरा पुढे घ्या. भिंतीकडे बसलेल्याला उठायचं तर सगळ्यांना उठवावं लागेल." त्यावर गोपसेठ म्हणाला, "साईं, उठना क्यूं है? एक बार बैठा तो शो खतम होने तक खाएगा." मेनूत जैन कुसकुससुद्धा होता.

एका संध्याकाळी मी तिथे सुटलेला पडदा शिवायला गेलो. स्टेजवर लाल गोंड्याची टोपी, पायघोळ झगा आणि चिकटवलेली दाढी असा एक गृहस्थ मांडीवर दरबुका घेऊन बसला होता. दरबुका म्हणजे एका बाजूनेच मढवलेला, सुरईच्या आकाराचा ढोल. पुढे एक मुलगी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं तबक तोलून नाचत होती. मी वाजवणाऱ्याचा चेहरा ओळखला नाही, पण बोटं ओळखली. त्यांनीही मला पाहिलं आणि ठेका न चुकवता डोळ्यांनीच 'गप्प' असं सांगितलं.

नंतर मागच्या जिन्यात, दाढी सोडवत काका म्हणाले, "क्लास बंद झाला रे कधीच. मुलं मोबाइलवर शिकतात. हा सेठ भेटला." मग टोपी काढत, "वाजवायला काय, मोरोक्को असो नाहीतर मुरबाड, केरवा तोच. त्रास एकच. बोलायचं नाही. सेठची अट आहे. गिऱ्हाईकाला मोरोक्को पाहिजे, बदलापूर नको." चार माणसांचं बोलणं एकटा बोलणारा हा माणूस रोज संध्याकाळी तोंड शिवून बसत होता. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते म्हणाले, "मृणालला सांगू नकोस. आयुष्यभर भजनाला वाजवलं. आता नाचणारीच्या मागे वाजवतो, हे पोरीसमोर म्हणायला जीभ वळत नाही."

ती नाचणारी मुलगी म्हणजे सोनल. उल्हासनगरच्याच एका कॅम्पातल्या खोलीत आई आणि धाकट्या भावंडांना सांभाळत होती. स्टेजवर चढायच्या आधी आणि उतरल्यावर ती काकांच्या पाया पडायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. "काका ठेका धरतात म्हणून तबक डोक्यावर राहतं," असं तिचं म्हणणं. काका यावर खूश असत, पण तिचं नाव त्यांनी घरात कधी काढलं नाही.

मग मृणालचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा केतन, चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, चांगला होता आणि मृणालला मनापासून आवडला होता. वडील कर्णिक साहेब एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हे, पण घरातसुद्धा मीटिंगला बसल्यासारखा बसणारा. बोलणी पार पडली. साखरपुड्याची तारीख सगळ्यांनी एकत्र जेवता जेवता ठरवू, असं ठरलं आणि केतनने हौसेने हॉटेल निवडलं. काहीतरी वेगळं म्हणून मोरोक्कन.

काका धावत माझ्याकडे आले. मी म्हटलं, "दुसरीकडे जाऊ म्हणा की."

"मुलीकडच्यांनी हॉटेल बदला म्हणायचं? शोभतं का? तरी मी म्हटलं, मला मसाल्याचं सोसत नाही. तर विहीणबाई म्हणतात, तिथे तिखट नसतंच काही."

"मग पोट बिघडलंय म्हणा."

"आणि तारीख बापाशिवाय ठरवायची? अडकलो रे मी."

शेवटी त्यांनी गोपसेठकडून सुट्टी घेतली आणि विनवून ठेवलं, की मला ओळख देऊ नका. सगळ्या वेटरना एकेक करून तेच सांगितलं. मी विचारलं, "सोनलला?" काका बराच वेळ गप्प राहिले. त्यांना इतकं गप्प मी झग्याबाहेर पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "तिला कसं सांगू? ओळखू नकोस म्हणून? रोज पाया पडते ती माझ्या. सेठ सांगेल तिला." सेठला वाटलं काका सांगतील. तिला कोणीच सांगितलं नाही.

आम्ही दोघं नवराबायको मुलीकडचे म्हणून गेलो होतो. दारातच गोपसेठने काकांना नको इतका लवून नमस्कार केला, "आइए साहब, पहली बार आए हैं?" मुलीचे वडील म्हणून त्यांना मान मिळाला आणि मानाची जागा म्हणजे भिंतीकडची, मधली. एका बाजूला कर्णिक साहेब, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, पुढे पितळी टेबल. माझ्याच गादीत ते रुतून बसले आणि केविलवाण्या नजरेने माझ्याकडे बघू लागले.

टोपीसारखं झाकण असलेल्या मातीच्या भांड्यात भाजी आली, कुसकुस आला. विहीणबाई म्हणाल्या, "अय्या, हा तर उपमाच." एरवी काकांनी यावर फोडणीपासून सुरुवात करून अर्धा तास घेतला असता. ते नुसतं "हो" म्हणाले. मृणालने काळजीने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, कोणालाच कळलं नाही.

वाजवणारा सुट्टीवर म्हणून त्या दिवशी पेन ड्राइव्हवर गाणी होती. सोनल तबक घेऊन आली. मेणबत्त्या पेटलेल्या, कंबर हलतेय, मान स्थिर. काकांनी पाण्याचा ग्लास तोंडासमोर धरला तो खाली ठेवलाच नाही. नाच रंगात आला आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर भिंतीतले बारके दिवे लागले, पण स्पीकर बंद. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. सोनल एका पायावर अर्धवट वळलेली होती. पाऊल कुठे टाकावं ते तिला कळेना. तबक थरथरलं, मेण तिच्या खांद्यावर सांडलं आणि मागच्या टेबलावरचे दोघं-तिघं शिट्ट्या मारायला लागले.

काकांनी ग्लास ठेवला. डोळे मिटले आणि पुढ्यातल्या पितळी टेबलावर ठेका धरला. आधी हलका, मग खणखणीत. कुसकुसची वाटी नाचायला लागली. सोनलने आवाजाकडे वळूनही पाहिलं नाही. तिचं पाऊल बरोबर समेवर पडलं आणि तिथून पुढे सगळं सुरळीत झालं. हॉल टाळ्यांनी भरला. कर्णिक साहेब म्हणाले, "वा पेडणेकर, काय हात आहे!" काका हसले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसले.

तेवढ्यात सोनल तबक खाली ठेवून थेट आमच्या टेबलाशी आली. पायापर्यंत हात पोचेना, म्हणून टेबलावरून वाकून तिने काकांच्या गुडघ्याला हात लावला आणि कपाळाला नेला. "काका, तुम्ही इकडे बसले? सेठ मला बोलले, आज तुमची सुट्टी आहे."

मी घाईघाईने म्हटलं, "तुमच्या क्लासची मुलगी ना, काका?"

विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, तबला शिकतेस का तू?"

सोनलने एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं. पोर हुशार. सगळं उमगलं तिला. नजर खाली घालून म्हणाली, "हो. क्लासला येते मी."

सुटले होते काका. मोकळी वाट होती. पण त्यांनी तिच्या खांद्यावरचं वाळलेलं मेण पाहिलं आणि म्हणाले, "नाही. ही माझ्यासाठी खोटं बोलतेय. क्लास वगैरे काही नाही. मी इथे वाजवतो, रोज. ही नाचते, मी साथ करतो."

त्यानंतरचं मला आठवतं ते इतकंच, की कोणी उठू शकत नव्हतं. एकाला उठायचं तर सगळ्यांना उठावं लागणार. वेटरने उंचावरून पुदिन्याचा चहा ओतला आणि आम्ही सगळे तो मान खाली घालून प्यायलो. मृणालच्या डोळ्यांत पाणी होतं. तारखेचा विषय निघालाच नाही. कर्णिक साहेब म्हणाले, "घरी जाऊन बोलू."

घरी जाऊन ते जे बोलले ते असं, की लग्नाला हरकत नाही. पण काकांनी ते काम सोडावं आणि नातेवाइकांत ही गोष्ट कधीही निघू नये. मृणाल उसळली. "नको मला हे लग्न," म्हणाली. आणि मग वडिलांवरही उसळली, "वाजवता याचं मला काही नाही, बाबा. मी सगळ्यांना क्लासचं सांगत फिरले आणि तुम्ही ऐकत बसलात." काकांनी तिच्यापुढे हात जोडले. केतनही मध्ये पडला, दोन्हीकडून बोलणी खाल्ली. शेवटी लग्न झालं, चांगलं झालं. काकांनी शब्द दिला आणि पाळला.

तो शब्द त्यांना बाधला, असं माझं मत आहे आणि ते मी कोणालाही सांगेन. गोपसेठने किती निरोप धाडले. काकांचं उत्तर एकच, "शब्द दिलाय." तबल्याला गवसणी घातली ती काढली नाही. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचे. तिथे फोमच्या लाद्या रचलेल्या असतात, त्यावर बोटं चालवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, त्या लाकडावर वाजवा की, ऐकू तरी येईल." तर म्हणाले, "फोम बरा. आवाज होत नाही." बोलणंही आटलं होतं. ज्या माणसाला टाळायला लोक जिना बदलायचे, त्याला आता लोक थांबवून विचारायचे, काका बरे आहात ना? राग यायचा मला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही.

एका सकाळी काका उठलेच नाहीत. दुपारपर्यंत घर भरलं. कोकणातले चुलत भाऊ, कर्णिकांकडची मंडळी, सोसायटीतले लोक, सगळे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले. मी खिडकीशी होतो. खाली गेटपाशी साध्या सलवार-कमीजमध्ये एक मुलगी उभी होती. वॉचमन काहीतरी विचारत होता, ती नुसती मान हलवत होती. ना आत येत होती, ना परत जात होती. मी मृणालच्या कानाशी वाकून म्हटलं, "खाली सोनल आली आहे."

मृणाल उठली. पायात चप्पलही न घालता खाली गेली. तिने तिला हाताला धरूनच वर आणलं. सोनल दारात घुटमळली, तेव्हा तिने हात सोडला नाही. सोनलने काकांच्या पायांवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. विहीणबाईंनी तिला खरोखरच ओळखलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "कोण गं ही? क्लासची मुलगी का?"

खोलीत सगळे नातेवाईक होते. कर्णिक साहेबांनी मान वर केली.

"नाही आई," मृणाल म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ही सोनल. त्या मोरोक्कन हॉटेलात नाचते. माझे बाबा हिला साथ करायचे. फार सुंदर वाजवायचे." मग ती थोडी सरकली, सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली आणि तिला म्हणाली, "इथे बस."