भाकरीच्या वेळी वाढणारी पावलं

मला साखर निघाली तेव्हा लेक पुण्याहून आली आणि माझ्या मनगटावर एक काळा पट्टा बांधून गेली. पट्टा पावलं आणि नाडीचे ठोके मोजायचा आणि तिला ते पुण्यात मोबाईलवर दिसायचं. जेवण मात्र मी स्वतः मोबाईलमध्ये भरायचं. त्यातली भाकरी बहुधा तळहाताएवढी असावी. आमच्या मंठा गावची भाकरी ताटाबाहेर जाते. मी आपला 'एक' टाकायचो.

चालणं मला नको होतं. आयुष्यभर शेतात पायपीट केली. आता काही काम नसताना रस्त्याने जायचं आणि नुसतं परत यायचं. भेटेल तो विचारणार, "कुणीकडं निघाले?" काय सांगणार?

एकदा अंघोळीला जाताना पट्टा बायकोकडे दिला. तिने तो बांगड्यांच्या मागे चढवला आणि भाकरी थापायला बसली. मी बाहेर येऊन पाहतो तर पावलं कितीतरी वाढलेली. ती तर जागची उठली नव्हती. थापणारा हात पट्ट्याला चालणारा वाटत होता.

"राहू दे तुझ्याच हातात," मी म्हणालो.

"म्हंजे थापू मी अन् बारीक व्हनार तुम्ही?" ती हसायला लागली. "पोरीला फसवून राह्यले तुम्ही."

"तिला बरं वाटतं ना? मंग?"

लेक फोनवर शाबासकी द्यायची आणि मी ती घ्यायचो. पट्टा बायकोच्या हातातच राहिला, झोपेतसुद्धा.

दिवाळीनंतर लेकीचा आवाज बदलला. "अप्पा, चालणं निम्म्यावर आलंय. आणि बसल्या जागी ठोके एवढे कसे? उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा."

मी गेलो. डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली आणि म्हणाले, "बिलकुल बराबर आहे." त्यांनी माझा हात सोडला त्याच क्षणी मला कळलं की ठोके कुणाचे आहेत. कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पण तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे लेकीला पट्ट्याचं सांगावं लागलं असतं. म्हातारपणी लेकीकडून बोलणी खायची मला लाज वाटली.

घरी येऊन उलट तिलाच म्हणालो, "आजकाल नुसता भातच लावतीस. भाकरी थाप, पोरगी रागावून राह्यली."

"दम लागतो हो. दोन झाल्या की बसावं वाटतं." मग स्वतःच म्हणाली, "थापते. तुमचं चालनं बंद पडायला नको."

थोड्याच दिवसांत ती परातीपुढेच कोसळली. जालन्याच्या दवाखान्यात जीव वाचला, पण हृदय अर्धंच काम करतं म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास?" लेक शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "अचानकच झालं."

लेक डोळे पुसत म्हणाली, "आईलापण एक पट्टा बांधायला पाहिजे होता, अप्पा. आधीच कळलं असतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तो पट्टा तिच्या हातातून काढून नर्सने बांगड्यांबरोबर माझ्याकडे दिला होता. माझ्या खिशातच होता.

आता ती बाजेवर बसून असते. भाकरी मी थापतो. कडा फाटतात, आणि ती बाजेवरून सांगते, "पानी कमी पडलं." पट्टा माझ्या हातात असतो. परवा लेकीचा फोन आला, "अप्पा, चालणं वाढलंय तुमचं. शाब्बास."

"चालत नाही मी. भाकरी थापतो," मी म्हणालो.

तिला गंमत वाटली. ती हसत राहिली आणि मला पुढचं बोलता आलं नाही.

बायको म्हणते, "आता कशाला सांगता? पोर बोलायची न्हाई तुमच्याशी."

नाही बोलली तर नाही. तोंडाने जमत नाही म्हणून हे लिहिलं आहे. रविवारी लेक येईल तेव्हा तिच्या हातात देणार आहे. ती वाचेपर्यंत मी आत भाकरी टाकीन.