कॅमेऱ्यामागचा मिटलेला डोळा

"मोतीबिंदू नाही काकू, ग्लॉकोमा आहे," अमरावतीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे चित्र नेणारी नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. मी तर अकोल्याहून निघतानाच ठरवलं होतं, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, महिन्याभरात मैदानावर हजर. म्हणून विचारलं, "गेलेली नजर कधी येईल?"

"गेलेली येत नाही. उरलेली सांभाळायची."

हा प्रश्न विचारायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून लिहायला बसले.

आमचे हे गेल्यावर दोन वर्षं मी घरात नुसती बसून होते. मुलाने नवा कॅमेरा घेतला, जुना माझ्याकडे पडला. समोरच्या मैदानावर पोरी कबड्डी खेळत. गॅलरीतून एक फोटो काढला, मग दहा, मग खाली उतरून थेट रेषेजवळ पालथी मांडी घालून बसायला लागले. बटणं दाबून दाबून शिकले. पोरी माझे व्हिडिओ लावून आपल्या चुका बघत. सकाळी उठायला कारण मिळालं हो!

अशात मूर्तिजापूरच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, काचबिंदू निघाला. तिच्या डॉक्टरांनी बजावलं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्या. अक्का फोनवर भांडायची, "तू कावून जाऊन नाई राहिली? टूर्नामेंट दर साली येते. डोये पुन्हा येतीन का तुले?"

मी म्हणायची, "मले पोरीईच्या पाठीवरचा नंबर लांबून वाचता येते, अक्का." खरंच येत होता. हा आजार कडेकडेने खातो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो. हे मला कुठे ठाऊक.

आणि माझी सवय बघा. कॅमेऱ्याच्या खिडकीला उजवा डोळा लावायचा, डावा मिटायचा. जो डोळा जास्त जात होता, तोच मी तीन वर्षं मिटून बसले होते.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमच्या कप्तान प्रणालीने शेवटची चढाई केली. तिघींनी पाय धरलेले, तरी फरफटत मध्यरेषेला बोटं टेकवली. तो फोटो मी टिपला. तिने बघितला आणि हसली, "काकू, माहा हात कुठी गेला?" हात मनगटापासून फ्रेमच्या बाहेर, डावीकडे. मी म्हटलं, लेन्स बिघडली. ती दुकानात देऊन साफ करून आणली. लेन्स!

काही महिन्यांनी सरावात बाद होऊन पळत येणारी प्रणाली डावीकडून माझ्यावर आदळली. मला ती दिसलीच नव्हती. तिचा गुडघा सोलला. रक्त पुसत तीच म्हणाली, "काकू, आता मुकाट्यानं दवाखान्यात चला."

पेरिमेट्री नावाची तपासणी असते. कडेची नजर मोजतात. भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, एक डोळा झाकायचा, ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. बटण माझ्या हातातलं, मी खूश. पण खेळाचा फोटो काढणारी क्षणाच्या जराशी आधी दाबते. तपासणारी मुलगी वैतागली, "आजी, लागायच्या आधीच दाबून राहिल्या तुमी! अंदाज नाई करायचा."

पुन्हा घेतली. कागदावर डावा डोळा बराचसा काळा. उजव्याचीही नाकाकडची कड काळी. प्रणालीचा हात तिथेच गेला होता.

आता सकाळ-संध्याकाळ थेंब, ठरावीक महिन्यांनी दाब मोजणं. जन्मभर. उजवा अजून टिकून आहे, त्याबद्दल मॅडमचे उपकार. परतीला मूर्तिजापूरला उतरले तेव्हा अक्का रागावली नाही. तिने माझ्या डोळ्यात थेंब टाकले, मी तिच्या. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्ही एवढंच करा. एक डोळा झाका, समोरचं कॅलेंडर बघा, मग दुसरा झाका. पण तेवढ्यावर थांबू नका, मी नंबर वाचतच होते. घरात कुणाला असेल तर तपासणीला जाच.

मी मैदानावर जाते. कॅमेरा स्टँडवर लावून अख्खं मैदान व्हिडिओत घेते, म्हणजे कुणी कापलं जात नाही. प्रणाली आता मोठ्या संघात आहे. तिच्या त्या चढाईचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. तो हाताविना फोटो थेंबांच्या बाटलीमागे टेकवून ठेवलाय. दिवसातून दोनदा बघते, आधी उजव्याने, मग डाव्याने. डाव्याने आता प्रणालीही अर्धीच दिसते.