चार शेतांतून फिरणारी वाट

चौथीच्या वर्गाला नकाशा शिकवताना मी आधी तीन गोष्टी सांगत असे: दिशा कोणती, प्रमाण किती आणि कोणती खूण कशासाठी. या तिन्ही ठरल्या की कोणतेही गाव कागदावर उतरवता येते, अशी माझी समजूत होती. नव्वदचे दशक संपत आले असताना माझ्याकडे एका गावाची माहिती लिहिण्याचे काम आले आणि ही समजूत बरीच सैल झाली.

गाव भोकरदन तालुक्याच्या डोंगराळ कडेला, पठारावर होते. मी तेथल्या शाळेत शिक्षक होतो. हसनाबादला एस.टी. बदलायची, डांबरी सडकेवर पायथ्याशी उतरायचे आणि पुढे चालत चढायचे, असा तिकडचा प्रवास. पठारावर ज्वारी, तूर आणि मिरची पिके. उतारावर सीताफळाची झाडे होती. उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा गार वाहत असे. या वाऱ्यामुळेच जालन्याचे एक शेठ वर आले. त्यांचे घराणे राजस्थानातून येऊन जालन्यात कितीतरी पिढ्या व्यापार करत होते. पठाराच्या कडेची पडीक जमीन त्यांनी घेतली होती. तिचे तुकडे पाडून शहरातल्या लोकांना हवा पालटायला घरे बांधू द्यावीत, असा त्यांचा विचार होता.

"गुरुजी, एक माहितीपत्रक लिहा," ते म्हणाले. "फिरायला येणाऱ्यालाही कामाचं आणि जमीन घेणाऱ्यालाही. बिलकुल खरं लिहा. आणि नकाशा पाहिजे. गिऱ्हाईक आधी रस्ता बघतं, मंग हवा."

मी पद्धतशीर सुरुवात केली. स्थान, हवा, पाणी, पिके, पाहण्याजोग्या जागा. पठाराच्या टोकावरून दिसणारी दरी दोन परिच्छेदांत बसवली. ते सारे सरळ होते. 'गावी कसे जावे' हे शीर्षक लिहिले आणि माझी लेखणी थांबली.

कारण असे. सडक आणि चढ यांच्यामध्ये चार घरांची शेते एकाशेजारी एक लागून होती. जुनी वाट ओढ्याच्या काठाने जात असे. ती माझ्या येण्याआधीच एका पुरात वाहून गेली. तेव्हापासून चारही घरांनी आपसांत असे ठरवले होते की, वाट एक वर्ष एकाच्या शेतातून न्यायची. ज्याचे वर्ष असेल त्याने बैलगाडी जाईल एवढी पट्टी पेरायची नाही. अक्षय्य तृतीया झाली की ती वाट मोडायची आणि पुढच्या शेतातून नवी पाडायची. कागदोपत्री कुठेच काही नव्हते. पाळी कोणाची हे मात्र सर्वांना ठाऊक असे. मी स्वतः त्या सर्व वाटांनी चाललो होतो, आणि तरीही गावाला रस्ता आहे की नाही, हे मला एका वाक्यात लिहिता येईना.

त्या वर्षी पाळी आत्याची होती. सारे गाव तिला आत्याच म्हणत असे. नवरा गेल्यावर मुलाला हाताशी घेऊन ती शेत करत होती. चौघांत तिचे शेत सर्वांत अरुंद होते. वाट त्याच्या मधोमध जाई, कारण दोन्ही बांधांना खडक होता. वर्षभरापुरते ते चालून जाई. वाट कायमची झाली असती, तर दोन्ही बाजूंना उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत बैलांना औत वळवायला जागा राहिली नसती.

मी पहिल्या मसुद्यात नकाशावर आत्याच्या शेतातून रेघ ओढली. चालू वाट तीच होती. शेठ खूश झाले. शाळेच्या ओट्यावर चारही घरांची माणसे जमली होती, त्यांना त्यांनी नकाशा दाखवला.

"इथंच मुरूम टाकून पक्का करू," ते म्हणाले. "खर्चा माझा. गाडी बराबर वरपर्यंत येईल."

आत्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला. "यंदा माझ्यातून हाय. पुढच्या साली आप्पाच्या. तसं लिहा ना गुरुजी."

"आत्याबाई, नकाशा म्हणजे पंचांग न्हाई. दर साली बदलत न्हाई तो."

आप्पा हे शेजारच्या शेताचे मालक, पुढची पाळी त्यांची. ते तंबाखू मळत म्हणाले, "मंग शेठ, पंचांगच छापा. पाठीमागं तुमच्या दुकानाची जाहिरात."

सगळे हसले. शेठही हसले, पण लगेच आप्पांकडे वळले. "तुमच्या शेतातून करू का पक्का?"

"माझ्यातून कशाला? गुरुजींनी तर आत्याच्यातून काढला."

"बघा गुरुजी," आत्या म्हणाली, "कसं गोड बोलून राह्यलाय. ह्याचं साल आलं की ह्याला दरवेळी ओढ्याकाठची जुनी वाट आठवते."

बैठक संपली तेव्हा वाट पक्की व्हावी असे सर्वांचे मत झाले होते. फक्त ती स्वतःच्या शेतातून कोणालाच नको होती. कोणाचे म्हणणे चूक, हे मला ठरवता आले नाही. आजारी माणसाला खाली न्यायचे तर गाडी वर यायला हवी, हे खरे होते. आत्याचे शेत मोडेल, हेही तितकेच खरे होते.

मी दुसरा नकाशा केला. त्यात चारही वाटा तुटक रेघांनी दाखवल्या आणि खाली टीप दिली: 'यांपैकी एक.' आठवड्याने शेठ परत आले.

"गिऱ्हाईक विचारतं, यातली खरी कोणती?"

"चारही," मी म्हणालो. मग थोडे थांबून, "म्हणजे एका वेळी एक."

शेठनी नकाशाची घडी घातली. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. मी जालन्याहून नकाशावाला आणतो. तो जागेवर येऊन डोळ्यांनी दिसेल तेच काढेल. बाकी वाद न्हाई."

डोळ्यांना आत्याचीच वाट दिसणार होती. मी त्याच संध्याकाळी तिला जाऊन सांगितले. तिने तुरीच्या शेंगा निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाली, "येऊ द्या त्याला. चहा पिऊन जाईल."

नकाशावाला आला तोवर तूर निघून रान मोकळे झाले होते. मी त्याला घ्यायला सडकेवर गेलो आणि स्वतःच चक्रावलो. चारही शेतांतून ताज्या चाकोऱ्या पडल्या होत्या. आप्पांची बैलगाडी त्यांच्याच रानातून उतरत होती, आत्याचा मुलगा तिसऱ्या शेतातून सायकल ढकलत येत होता, आणि दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन चौथ्यातून.

"गावात जायची वाट कोणती हो?" नकाशावाल्याने आप्पांना विचारले.

"कुठूनबी जा. गाव तिथंच हाय."

त्याने माझ्याकडे पाहिले. दिवसभर तो फीत घेऊन फिरला, आत्याकडे चहा प्याला, आणि रेघ न ओढताच परत गेला. हे सर्वांनी ठरवून केले होते, की पीक निघाल्यावर माणसे सोयीने चालतात तशी ती चालली होती, हे मी पुढे अनेकांना विचारले. प्रत्येकाने वेगळे सांगितले. आप्पा म्हणाले, "आम्ही कशाला ठरवू?" आत्या नुसती हसली.

पत्रक शेवटी नकाशाशिवाय छापले गेले. 'गावी कसे जावे' याखाली माझे एवढेच वाक्य राहिले: 'पायथ्याशी उतरून यंदाची वाट विचारावी.' शेठना ते आवडले नाही. त्यांची काही जमीन विकली गेली, बरीच राहिली. त्यात माझ्या वाक्याचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या एका सकाळी मी सडकेवरून वर निघालो, आणि पाय सवयीने आत्याच्या शेतात वळले. समोरून ती वखर घेऊन येत होती. मी वाटेवर उभा होतो, असे मला तरी वाटत होते.

"गुरुजी, बाजूला व्हा," ती बैलांना थांबवत म्हणाली. "इथं आता कपाशी लावायची हाय. आप्पाच्यातून जा."

मी बांधावर चढलो. बैल वळले, आणि मला रुंद वाटणारी ती पट्टी वखराखाली उरलेल्या शेतासारखीच दिसू लागली.